वीरकन्या नूरुन्निसा इनायत खाँ

शौर्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तलवार, घोडा आणि रणांगण उभे राहते. अहमदनगरच्या किल्ल्याच्या तटाला खिंडार पडताच तेथे स्वतः उभी राहून मोगलांना थोपविणारी चाँदबिबी आपल्याला आठवते. झाशीची राणी आठवते. ते शौर्य थोरच आहे. परंतु शौर्याची आणखी एक जात आहे. तिच्या हाती शस्त्र नसते, पाठीशी सैन्य नसते, ‘शाबास’ म्हणायला शेजारी कुणी नसते. परक्या शहरात, खोट्या नावाने, क्षणोक्षणी पकडले जाण्याच्या भयात एखादा जीव आपले काम करीत राहतो. आणि पकडला गेल्यावर बंद खोलीत, शत्रूपुढे एकटा बसून तोंड मिटून घेतो. या दुसऱ्या जातीच्या शौर्याचे उदाहरण म्हणून नूरुन्निसा इनायत खाँ या मुलीचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, अवश्य वाचावे असे आहे.

बडोद्याचे घराणे

नूरच्या घराण्याचा धागा थेट बडोद्यापर्यंत येतो. तिचे पणजोबा उस्ताद मौला बक्ष हे एकोणिसाव्या शतकातील मोठे गायक व वीणावादक. श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाखाली १८८६ साली बडोद्यात त्यांनी संगीत शाळा सुरू केली. संगीत हे केवळ घराण्याच्या चार भिंतींत न राहता शाळेत शिकविता यावे म्हणून त्यांनी स्वरलेखनाची पद्धतही तयार केली. त्यांच्या पत्नी टिपू सुलतानाच्या वंशातील होत्या, अशी या घराण्यातील परंपरा आहे. मौला बक्षांच्या मुलीचा मुलगा म्हणजे इनायत खाँ. १८८२ साली बडोद्यात जन्मलेले इनायत खाँ संगीतात तयार झाले, सूफी मार्गाकडे वळले आणि १९१० साली भारताबाहेर पडले. अमेरिकेत व युरोपात त्यांनी संगीत व सूफी विचार यांचा प्रसार केला. अमेरिकेतच ओरा रे बेकर या तरुणीशी त्यांची ओळख झाली. विवाहानंतर त्या अमीना बेगम झाल्या.

या दांपत्याचे पहिले अपत्य म्हणजे नूर. तिचा जन्म १९१४ च्या जानेवारीत मॉस्को येथे झाला. पुढे कुटुंब काही वर्षे लंडनमध्ये राहिले व नंतर फ्रान्समध्ये आले. पॅरिसलगतच्या सुरेन या गावी त्यांना घर मिळाले. इनायत खाँनी त्याला ‘फजल मंझिल’ असे नाव दिले. नूर, तिचे धाकटे भाऊ विलायत व हिदायत आणि सर्वांत लहान बहीण खैरुन्निसा ही चार भावंडे याच घरात वाढली. घरी प्रार्थना, संगीत व पाहुण्यांची वर्दळ असे. मारणे, दुखविणे, खोटे बोलणे या गोष्टींना त्या घरात थारा नव्हता.

१९२७ च्या फेब्रुवारीत इनायत खाँ दिल्ली येथे निवर्तले. त्या वेळी नूर अवघी तेरा वर्षांची होती. पतीच्या मृत्यूने अमीना बेगम इतक्या खचल्या की त्या आपल्या खोलीतून फारशा बाहेरच येईनात. घराची जबाबदारी या तेरा वर्षांच्या मुलीवर येऊन पडली. आईची शुश्रूषा, भावंडांचे खाणेपिणे, त्यांचा अभ्यास हे सारे सांभाळून तिने स्वतःचे शिक्षणही पुढे नेले. पॅरिसच्या सोर्बान विद्यापीठात तिने बालमानसशास्त्राचा अभ्यास केला. नादिया बुलांजे या ख्यातनाम संगीतशिक्षिकेकडे संगीताचे धडे घेतले. वीणा आणि हार्प या दोन्ही वाद्यांवर तिची बोटे फिरत. मुलांसाठी ती गोष्टी लिहू लागली. त्या फ्रेंच वृत्तपत्रांत छापून येत, नभोवाणीवरून ऐकविल्या जात. बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतून वीस कथा निवडून तिने इंग्रजीत पुस्तक केले. ते १९३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले.

त्या पुस्तकातील एक कथा वानरराजाची आहे. शिकारी राजाने वानरांना वेढले, तेव्हा वानरराजाने नदीवर स्वतःच्या देहाचा पूल केला. सारे वानर त्याच्या पाठीवरून पलीकडे सुखरूप गेले. राजा मात्र वाचला नाही. ही गोष्ट लिहिणाऱ्या मुलीला त्या वेळी काय कल्पना असणार की चार वर्षांनी तिलाही असाच पूल व्हावे लागणार आहे!

अहिंसेपुढील प्रश्न

१९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीपाशी आल्या. लाखो माणसे घरेदारे सोडून दक्षिणेकडे निघाली. या लोंढ्यात इनायत खाँचे कुटुंबही होते. पण निघण्यापूर्वी नूर व विलायत या बहीणभावंडांपुढे एक गहन प्रश्न होता. वडिलांची शिकवण शांततेची व अहिंसेची. मग या युद्धात आपण भाग घ्यायचा का? विलायत यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींवरून दिसते की दोघांनी या प्रश्नाचा मनापासून विचार केला. माणसांना जात व वंश पाहून जगण्याचा हक्क नाकारणारी सत्ता समोर असताना हात बांधून स्वस्थ बसणे म्हणजे अहिंसा नव्हे, असा निर्णय त्यांनी केला. मात्र स्वतःच्या हातून कुणाची हत्या होणार नाही, पण धोका मात्र सर्वांत मोठा असेल, असे काम निवडायचे असे ठरले. विलायत आरमारात गेले. बोर्दोमार्गे इंग्लंडला पोहोचलेल्या नूरने नोव्हेंबर १९४० मध्ये स्त्रियांच्या साहाय्यक हवाई दलात नाव घातले. बिनतारी संदेशवहनाचे शिक्षण घेण्यासाठी निवडलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये ती होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. नूर इंग्रजांच्या गणवेशात होती, पण ती इंग्रजी साम्राज्याची भाट नव्हती. एका मुलाखतीत अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याविषयी तिचे मत विचारले. युद्ध चालू असेतो मी तुमच्याशी एकनिष्ठ राहीन, पण युद्ध संपल्यावर माझ्या देशाच्या स्वातंत्र्याची बाजू घेईन, अशा आशयाचे उत्तर तिने दिले, असे तिच्या चरित्रात नमूद आहे. नोकरी जाईल याची भीती तिला वाटली नाही. कारण खोटे बोलणे तिला जमतच नव्हते. एखाद्या हिंदी माणसाने या युद्धात असामान्य पराक्रम केला तर इंग्रज व हिंदी लोकांमध्ये त्यामुळे एक पूल बांधला जाईल, असेही तिला वाटे. पुन्हा पूलच!

प्रशिक्षण

शत्रूच्या ताब्यातील देशांत गुप्तपणे माणसे पाठवून तेथील प्रतिकार चळवळीला साहाय्य करणारे एक खाते लंडनमध्ये होते. अस्खलित फ्रेंच बोलणारी आणि बिनतारी यंत्र सफाईने चालविणारी नूर या खात्याच्या नजरेस आली. नोव्हेंबर १९४२ मध्ये तिला बोलाविण्यात आले. पकडली गेलीस तर युद्धकैद्याचे कोणतेही संरक्षण मिळणार नाही, बहुधा मृत्यूच मिळेल, हे तिला स्पष्ट सांगण्यात आले. तिने होकार दिला.

प्रशिक्षकांचे तिच्याविषयी एकमत नव्हते. मुलगी भाबडी आहे, भावनाप्रधान आहे, खोटे बोलू शकत नाही, या कामाला ती योग्य नाही, असा प्रतिकूल अहवाल एका वरिष्ठाने दिला. शिक्षणाचा भाग म्हणून एक लुटुपुटीची चौकशी होत असे. मध्यरात्री झोपेतून उठवायचे, डोळ्यांवर झगझगीत दिवा धरायचा आणि गेस्टापोच्या वेषातील माणसांनी दरडावून प्रश्न विचारायचे. या प्रसंगी नूर इतकी घाबरली की तिच्या तोंडून शब्दच फुटेना. पाहणाऱ्यांनाही तिची कीव आली. हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. धीट माणसाला भय वाटत नाही, ही समजूत किती चुकीची आहे ते पुढे दिसेल.

तरीही तिला पाठविण्याचे ठरले, कारण पॅरिसला बिनतारी यंत्र चालविणाऱ्यांची निकड होती. १६ जून १९४३ च्या रात्री, चंद्रप्रकाशात, एका लहानशा विमानाने तिला आँजे गावाजवळच्या शेतात उतरविले. शत्रुव्याप्त फ्रान्समध्ये पाठविलेली ती पहिली स्त्री बिनतारी-चालक. तिचे सांकेतिक नाव ‘मादलेन’. कागदोपत्री ती जान-मारी रेनिए नावाची, मुलांची देखभाल करणारी परिचारिका होती.

पॅरिसमधील शेवटचे ठाणे

ज्या पॅरिसमध्ये ती पोहोचली ते तिच्या बालपणीचे पॅरिस राहिले नव्हते. रात्री संचारबंदी, दिवसा झडती, अन्नाला शिधापत्रिका. ज्यू लोकांना छातीवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली होती. आदल्याच वर्षी, १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत, पॅरिस व परिसरातील सुमारे १३,००० ज्यू स्त्री-पुरुष व मुले घरांतून उचलली गेली होती. त्यांत ४,००० हून अधिक मुले होती. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या नूरला या राज्याविरुद्ध का उभे राहावेसे वाटले, हे समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

ग्रिन्याँ येथील कृषिविद्यालयाच्या आवारातून तिने आपले पहिले संदेश पाठविले. तेथील काही प्राध्यापकच प्रतिकार चळवळीत होते. पण ती येऊन जेमतेम आठवडा होतो न होतो तोच घात झाला. २४ जून रोजी ‘प्रॉस्पर’ या गुप्त संघटनेचा प्रमुख फ्रान्सिस सटिल व त्याचे जवळचे सहकारी पकडले गेले. त्यापाठोपाठ धरपकडीचे सत्रच सुरू झाले. कृषिविद्यालयावर धाड पडली. प्राध्यापक बालाशोव्हस्की यांना पकडून पुढे बुखेनवाल्डच्या छळछावणीत धाडण्यात आले. बघता बघता पॅरिसमधील बिनतारी यंत्रे एकामागून एक मुकी झाली. उरले ते नूरचे.

लंडनहून तिला परत येण्याविषयी सुचविण्यात आले. तिने नकार दिला. आपण गेलो तर येथील माणसांचा लंडनशी संबंधच तुटेल, म्हणून बदली माणूस येईपर्यंत मी राहीन, असे तिने कळविले. तिच्या मरणोत्तर सन्मानपत्रातही फ्रान्समधील सर्वांत महत्त्वाचे व सर्वांत धोक्याचे ठाणे सोडण्यास तिने नकार दिला, असा उल्लेख आहे.

हे काम कसे असे ते सांगितले पाहिजे. यंत्र एका सुटकेसमध्ये बसविलेले असे. वजन सुमारे १५ किलो. संदेश धाडायचा तर लांबलचक तार उंचावर टांगावी लागे. जर्मनांच्या शोधगाड्या शहरभर फिरत असत. संदेश सुरू होताच लहरींची दिशा पकडून त्या घरापर्यंत पोहोचत. म्हणून एका जागी वीस मिनिटांपेक्षा अधिक थांबणे म्हणजे मरण ओढवून घेणे. अशा चालकाचे आयुष्य फार तर सहा आठवडे धरले जाई. नूर जवळजवळ चार महिने टिकली. ती सतत घरे बदले, केसांचा रंग बदले, सुटकेस उचलून शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला जाई. चरित्रकारांनी नोंदविलेली एक हकिकत अशी की, एकदा घराबाहेरच्या झाडावर ती तार बांधत असता एका जर्मन अधिकाऱ्याने येऊन ‘मी मदत करू का?’ असे विचारले. तिने शांतपणे तार त्याच्या हाती दिली. मुलीला रेडिओवर संगीत ऐकायचे असेल, असे समजून त्या गृहस्थाने ती नीट बांधून दिली! खोटे बोलता येत नाही म्हणून जिच्याविषयी तक्रार होती, तिचा निरागस चेहराच येथे तिची ढाल झाला.

मौन

ऑक्टोबर १९४३ च्या मध्यावर फितुरीने घात केला. तिचा पत्ता पैशासाठी विकला गेला. ती खोलीवर परतली तेव्हा आत माणूस दबा धरून बसलेला होता. तिने त्याच्या मनगटाचा कडाडून चावा घेतला. त्याला पिस्तूल रोखून मदत मागवावी लागली. तिला अव्हेन्यू फॉशवरील ८४ क्रमांकाच्या इमारतीत, जर्मन गुप्त पोलिसांच्या कचेरीत नेण्यात आले. तेथे पोहोचताच तिने स्नानाची परवानगी मागितली, दार लावून घेतले आणि खिडकीतून पाचव्या मजल्याच्या छपराच्या कडेवर उतरली. पहारेकऱ्यांनी तिला ओढून आत घेतले.

मग चौकशी सुरू झाली. एक दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे. लुटुपुटीच्या चौकशीत जिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, तिने खऱ्या चौकशीत शब्द फुटू दिला नाही. त्या कचेरीचा प्रमुख हान्स किफर याने युद्धानंतर स्वतःच जबानी दिली की, या मुलीकडून आपल्याला काहीही माहिती मिळाली नाही. शत्रूची ही साक्ष कोणत्याही पदकापेक्षा मोलाची मानली पाहिजे.

परंतु इतिहास लिहिताना झाकपाक करून चालत नाही. नूरने पाठविलेल्या संदेशांच्या नोंदी एका वहीत जपून ठेवल्या होत्या, आणि ती वही यंत्राबरोबर जर्मनांच्या हाती पडली. मिळालेल्या सूचनेचा तिने चुकीचा अर्थ लावला असावा, असे चरित्रकार म्हणतात. त्या वहीच्या आधारे जर्मनांनी तिच्या नावाने लंडनशी संदेशांचा खेळ सुरू केला. ती पकडली गेल्याच्या सूचना लंडनला मिळाल्या होत्या. पण वरिष्ठांनी त्यांवर विश्वास ठेवला नाही. परिणामी १९४४ च्या फेब्रुवारीअखेर शार्त्र गावाजवळ विमानातून उतरलेली माणसे थेट जर्मनांच्या पहाऱ्यात उतरली. त्यांत मादलेन दामेरमाँ नावाची तरुण फ्रेंच मुलगी होती. तिचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. चूक नूरची किती आणि लंडनमधील कचेरीची किती, याचा वाद अभ्यासकांत चालू राहील. नूरचे मोठेपण तिच्याकडून चूक झाली नाही यात नाही. कमी तयारीनिशी आगीत लोटल्या गेलेल्या या मुलीने मनुष्यस्वभावाच्या साऱ्या उणिवा घेऊनही अखेरपर्यंत कुणाचा विश्वासघात केला नाही, यात तिचे मोठेपण आहे.

२५ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री तिने दुसऱ्यांदा पळण्याचा प्रयत्न केला. शेजारच्या कोठड्यांतील लेआँ फाय व जॉन स्टार या दोन कैद्यांशी तिने चिठ्ठ्यांनी संधान बांधले. छताच्या झरोक्याचे गज ढिले करून तिघेही छपरावर पोहोचले. दैव असे की नेमक्या त्याच वेळी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. कोठड्या तपासल्या गेल्या आणि तिघेही पकडले गेले. पुन्हा पळणार नाही असे लिहून द्या, असे किफरने सांगितले. नूर व फाय यांनी सही करण्याचे नाकारले. वचन दिले तर ते पाळावे लागेल, आणि ते पाळण्याची आपली इच्छा नाही, मग ते द्यायचे कशाला? खोटे न बोलणाऱ्या मुलीचा हा सरळ हिशेब होता. त्या सहीच्या अभावी तिची रवानगी जर्मनीत झाली.

साखळदंड

फोर्त्सहाइमच्या तुरुंगात तिला एकांतकोठडीत टाकले. हातांत बेड्या, पायांत बेड्या आणि दोहोंना जोडणारा साखळदंड. ज्यांचा मागमूसही उरू द्यायचा नाही अशा कैद्यांचा एक वर्ग नाझींनी केला होता. त्याला ते ‘रात्र आणि धुके’ असे नाव देत. नूर त्या वर्गात होती. जवळजवळ दहा महिने ती अशा स्थितीत राहिली. पण या रात्रीतून आणि धुक्यातूनही तिने आपली खूण पाठविलीच. जेवणाच्या भांड्याच्या बुडावर ओरखडे काढून तिने इतर कैदी स्त्रियांना आपले नाव व लंडनचा पत्ता कळविला. नाव तिने ‘नोरा बेकर’ असे दिले होते, आडनाव आईचे.

११ सप्टेंबर १९४४ रोजी तिला तेथून हलविण्यात आले. तिच्याबरोबर योलांद बीकमन, एलियान प्लूमन आणि मादलेन दामेरमाँ या तिघी होत्या. नूरच्या नावाने रचलेल्या सापळ्यात जी सापडली तीच मादलेन आता तिच्या शेजारी होती. १३ सप्टेंबरला पहाटे दाखाउच्या छळछावणीत चौघींना गोळ्या घालण्यात आल्या. त्या अखेरच्या घटकेविषयीच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. मरताना नूरच्या ओठी ‘स्वातंत्र्य’ हा एकच फ्रेंच शब्द होता, असे मात्र सांगितले जाते. तिचे वय त्या वेळी तीस वर्षांचे होते.

स्मृती

युद्ध संपल्यावरही काही काळ तिचे काय झाले हे कुणाला नीट ठाऊक नव्हते. खात्यातील अधिकारी व्हेरा अॅटकिन्स यांनी जर्मनीत जाऊन हरवलेल्या स्त्रियांचा शोध घेतला. प्रथम दुसऱ्याच एका दुर्दैवी मुलीला नूर समजून तिची नोंद दुसऱ्या छावणीत झाली होती. ती पुढे दुरुस्त झाली. फ्रान्सने तिला ‘क्र्वा द गेर’ हे युद्धपदक दिले. ब्रिटनने १९४९ साली मरणोत्तर ‘जॉर्ज क्रॉस’ हा सन्मान जाहीर केला. ८ नोव्हेंबर २०१२ रोजी लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा उभारण्यात आला. २०२० साली टॅव्हिटन स्ट्रीटवरील ४ क्रमांकाच्या घरावर तिच्या नावाची निळी पाटी लागली. भांड्याच्या बुडावर तिने कोरलेला पत्ता याच घराचा होता.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की धैर्य हे शरीराच्या आडदांडपणात नसते, भयाच्या अभावातही नसते. नूर भित्री म्हणून हिणवली गेली, आणि धीट म्हणून मिरविणारे जेथे मोडले तेथे ती ताठ उभी राहिली. दुसरी गोष्ट ही की असे धैर्य एका दिवसात उगवत नाही. तेरा वर्षांची असताना घर उचलून धरणाऱ्या मुलीत, शिकण्याचा हट्ट न सोडणाऱ्या विद्यार्थिनीत, खोटे बोलायला न शिकलेल्या जिभेत त्याची मुळे असतात. बाप मुसलमान, आई अमेरिकन, जन्म रशियातला, वाढ फ्रान्सची, गणवेश इंग्रजी, कथा बुद्धाच्या आणि प्राण दिले ते ज्यांचा तिच्याशी रक्ताचा संबंध नव्हता अशा माणसांसाठी. आपला कोण आणि परका कोण, हे ज्या राजवटीने रक्तावरून ठरविले, तिला एका कोवळ्या मुलीने दिलेले हे उत्तर आहे.

आणखी एक सांगण्यासारखे आहे. पणजोबांनी बडोद्याला शाळा काढली. पणतीला शाळा काढण्याइतके आयुष्य लाभले नाही. परंतु ज्या सुरेन गावात ती वाढली, तेथील एका प्राथमिक शाळेला तिचे नाव देण्यात आले आहे. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या मुलीचे याहून उचित स्मारक कोणते असणार!